तळ्याकाठचे जीवाश्म : पूर्व विदर्भातील हौशी संग्राहकांच्या आवडीनिवडीचा आढावा

जीवाश्म म्हटले की आधी डायनासोर आठवतो. वर्तमानपत्रात बातमी होते तीही त्याच्या हाडांची किंवा अंड्यांची. हौशी संग्राहकाच्या घरचे खण उघडले, की मात्र तिथली बहुतेक जागा शंख-शिंपल्यांनी, पानांच्या ठशांनी आणि दगड झालेल्या लाकडांनी व्यापलेली दिसते. हे साहजिकच आहे. एका तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या असंख्य गोगलगायी जगतात आणि मरतात; एक झाड आयुष्यभर पाने, फुले, बिया ढाळत राहते. मोठे जनावर एकदाच मरते आणि त्याची हाडेही बहुधा विखरून जातात. म्हणून सामान्य माणसाच्या हाती लागतात ते अपृष्ठवंशी प्राणी आणि वनस्पती यांचेच जीवाश्म, आणि ‘माझा सर्वांत आवडता नमुना’ निवडला जातो तोही त्यांच्यातूनच.

ही निवड कशाच्या बळावर करावी? आकार पाहावा, सौंदर्य पाहावे, दुर्मिळता पाहावी की आणखी काही? हा प्रश्न भंडारा जिल्ह्यात उभे राहून पाहण्यासारखा आहे. या जिल्ह्याच्या स्वतःच्या खडकात शंख-पाने जवळपास नाहीत. पण पश्चिमेला नागपूर, वायव्येला छिंदवाडा, नैर्ऋत्येला वर्धा आणि चंद्रपूर, तर वैनगंगेच्या वाटेने खाली गडचिरोली, असा जीवाश्मांनी भरलेला मुलूख त्याच्या भोवती पसरला आहे. शिवाय भंडाऱ्याच्या तळ्यांत आणि धानाच्या बांध्यांत असे काही जिवंत आहे, जे त्या जीवाश्मांचा अर्थ लावायला थेट उपयोगी पडते.

जिल्ह्याचा खडक काय सांगतो

भंडाऱ्याचा पाया साकोली आणि सौंसर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या खडकसमूहांचा आणि त्यांच्यासोबतच्या पट्टिताश्मांचा आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणी याच खडकांत आहेत. प्राण्यांना कवच येण्याच्या कितीतरी आधी हे खडक तयार झाले. पुढे जमिनीच्या पोटात दाबाने आणि उष्णतेने ते इतके भाजले, वळले आणि बदलले, की त्यांत एखादा नाजूक अवशेष असता तरी टिकला नसता. म्हणून साकोलीच्या डोंगरात शंख शोधणाऱ्याच्या पदरी निराशाच येणार.

फसवे नमुने मात्र इथे मुबलक आहेत, आणि नवख्या संग्राहकाने पहिला धडा त्यांच्याकडूनच घ्यावा. मँगनीजयुक्त पाणी दगडाच्या भेगेत झिरपले की काळ्या, फांद्याफांद्यांची नक्षी उमटते. ती हुबेहूब नेच्याच्या पानासारखी दिसते आणि अनेक घरांत ती ‘दगडातले झाड’ म्हणून जपलेलीही असते. भिंग घेऊन पाहिले की फरक कळतो. पानाला मधली शीर असते, तिला ठरावीक अंतराने फुटणाऱ्या उपशिरा असतात आणि पानाची कड कुठेतरी संपते. मँगनीजची नक्षी भेगेच्या कडेपासून सुरू होते, फुटेल तिकडे पसरते आणि तिला शीरही नसते, कडही नसते. कायनाइटचे निळसर, चपटे, पात्यासारखे स्फटिक गवताच्या ठशासारखे भासतात. जांभ्या दगडातल्या नळ्या कुणाला हाडे वाटतात, कुणाला मुळे. असे फसवे दगड ओळखून बाजूला ठेवता आले, की संग्राहक झाल्याचे समजावे.

हौशी माणसांचा वारसा

मध्य भारतातल्या जीवाश्मांचा अभ्यास सुरू झाला तो पगारी भूवैज्ञानिकांच्या हातून नव्हे. १८२८ मध्ये जबलपूरजवळ डायनासोरची हाडे उचलणारे विल्यम स्लीमन हे लष्करी अधिकारी होते. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दडलेले गोड्या पाण्यातले शंख जमवणारे जे. जी. माल्कमसन हे मद्रासच्या सेवेतले डॉक्टर. त्यांनी जमवलेल्या शंखांचे वर्णन सोवर्बी यांनी केले आणि ते १८४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या सर्वांत ठसठशीत शंखाला ‘फायसा प्रिन्सेपी’ हे नाव मिळाले. ते कलकत्त्याच्या जेम्स प्रिन्सेप यांच्यावरून पडले. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या स्तूपावरचे लेख ज्या ब्राह्मी लिपीत आहेत, ती लिपी उलगडणारे तेच हे प्रिन्सेप.

या वारशातले सर्वांत मोठे नाव स्टीफन हिस्लॉप यांचे. स्कॉटलंडहून आलेले हे मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला पोचले. थोड्या वर्षांनी त्यांना रॉबर्ट हंटर हे सहकारी मिळाले. दोघांनी फिरता फिरता नागपूरच्या आसपासचे दगड फोडले, थर मोजले, गावोगावच्या नोंदी ठेवल्या. नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर आणि जीवाश्मांवर दोघांनी मिळून लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापून आला. १८६० मध्ये हिस्लॉप यांचा दुसरा मोठा निबंध आला. त्यात शंखांचे वर्णन त्यांनी स्वतः केले, भुंगेऱ्यांच्या पंखांच्या टणक आवरणांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी, तर बारीक कवचधाऱ्यांचे टी. रूपर्ट जोन्स यांनी. पुढच्याच वर्षी चार्ल्स बनबरी यांनी नागपूरच्या पानांच्या ठशांवर स्वतंत्र लेख लिहिला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले. त्याच वर्षी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजबबंगला, सुरू झाले.

ही परंपरा तिथेच संपली नाही. १९७० च्या दशकात मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी डॉ. धर्मेंद्र प्रसाद यांनी घुघुवा इथली अश्मीभूत झाडे जगासमोर आणली आणि १९८३ मध्ये ती जागा जीवाश्म राष्ट्रीय उद्यान झाली. आजच्या काळात धार जिल्ह्यातल्या मनावरचे शिक्षक विशाल वर्मा यांनी नर्मदेच्या खोऱ्यात आयुष्य वेचले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९२ डायनासोर घरट्यांच्या शोधनिबंधावर विद्यापीठातल्या संशोधकांच्या बरोबरीने त्यांचेही नाव आहे. लष्करी अधिकारी, डॉक्टर, मिशनरी, सांख्यिकी अधिकारी आणि शिक्षक यांच्यात एकच समान धागा आहे. त्यांनी नमुन्याबरोबर जागेची नोंद ठेवली आणि नमुना जाणकारांच्या हाती सोपवला.

शंख, शिंपले आणि बारीक कवचे

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात लाव्हाचे लोट एकामागून एक आले. दोन लोटांच्या मध्ये कधीकधी हजारो वर्षे शांततेची गेली. त्या काळात खोलगट जागी तळी साचली, काठावर झाडी वाढली, तळाशी गाळ बसला. पुढचा लोट आला आणि ते सारे झाकले गेले. या गाळाच्या थरांना भूवैज्ञानिक इंटरट्रॅपियन म्हणतात. बऱ्याच ठिकाणी सिलिकायुक्त पाण्याने हा गाळ चर्टसारखा कठीण झाला. आपण ज्याला चकमकीचा दगड म्हणतो, त्याच जातीचा हा दगड. नागपूरचे टाकळी आणि गिट्टीखदान ही या थरांची नामांकित ठिकाणे.

इथला सर्वमान्य लाडका म्हणजे फायसा. हा शंख हातात घ्यावा, टोक वर धरावे आणि तोंड आपल्याकडे करावे. तोंड डाव्या बाजूला येते. बहुतेक गोगलगायींचे ते उजवीकडे असते, म्हणून ही एकच खूण त्याची ओळख पटवायला जवळपास पुरते. आजच्या त्याच्या नातलगांच्या मानाने तो चांगलाच मोठा आहे. अंगठ्याएवढे नमुने सहज सापडतात. काही दगडांत मूळ कवच विरघळून फक्त आतला साचा उरलेला असतो, काहींत कवचाच्या जागी पारभासक सिलिका भरलेली असते आणि उजेडात धरली की वेटोळ्याचा मधला खांब दिसतो. आता शास्त्रज्ञ त्याला प्लॅटिफायसा या प्रजातीत घालतात. त्याच्यासोबत पॅलुडिना, लिम्निया, व्हॅल्व्हाटा अशी हिस्लॉप यांनी नोंदवलेली मंडळी येतात. हिस्लॉप यांची लॅटिनमधली वर्णने जोसेफ हार्टमन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नव्याने तपासून प्रसिद्ध केली. जवळपास दीडशे वर्षांनी कुणीतरी ते काम पुन्हा उघडू शकले, कारण नमुने लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आणि नोंदी छापील पानांवर सुरक्षित होत्या.

या शंखांनी एक मोठा वादही जागता ठेवला. हिस्लॉप यांनी हे थर तृतीयक कालखंडातले मानले. त्यांच्या १८६० च्या निबंधाच्या शीर्षकातच तसे म्हटले आहे. पुढे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनीही वनस्पतींच्या आधारे तोच कौल दिला. दुसरा पक्ष हे थर त्याहून जुने, डायनासोरांच्या अखेरच्या काळातले मानत होता. किरणोत्सारी मापने आणि सूक्ष्म जीवाश्मांचे पुरावे हाती आल्यावर आज बहुतेक थर डायनासोरयुगाच्या अगदी शेवटाचे आणि काही त्यानंतरच्या युगाच्या आरंभाचे मानले जातात. पृथ्वीवरच्या एका महासंहाराची तारीख ठरवताना साक्षीला उभी राहिली ती तळ्यातली गोगलगाय.

शंखाइतकेच लक्ष द्यावे असे दोन लहान जीव आहेत. एक ऑस्ट्राकोड. बाजरीच्या दाण्याहून बारीक, दोन झडपांचा हा प्राणी भिंगाशिवाय दिसत नाही; पण एका दगडात तो शेकड्यांनी असू शकतो आणि पाणी गोडे होते की मचूळ, हे त्याच्या जातीवरून कळते. दुसरा क्लॅम-श्रिंप. शिंपल्यासारख्या दोन झडपांत राहणारा हा झिंग्याचा नातलग. वर्धा खोऱ्यातल्या मांगलीच्या तांबड्या दगडात त्याची कवचे मिळाली आणि जोन्स यांनी १८६२ मध्ये ‘इस्थेरिया मंगालिएन्सिस’ म्हणून त्यांची नोंद केली. मांगली प्रसिद्ध आहे ती तिथल्या उभयचर प्राण्याच्या कवटीसाठी. पण हा दगड ज्या तळ्यात साचला ते हंगामी होते की बारमाही, हे सांगायला ही इवलीशी कवचे अधिक उपयोगी पडतात.

ज्याला अमोनाइट किंवा समुद्री शिंपलेच हवेत, त्याला विदर्भ सोडावा लागेल. कच्छ, तमिळनाडूतले अरियालूर आणि नर्मदेकाठचे बाघ थर ही त्याची ठिकाणे. छत्तीसगडमधल्या मनेंद्रगडला हसदेव नदीच्या पात्रात पर्मियन समुद्राचे शिंपले आहेत, पण ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तिथे पाहावे, शिकावे आणि रिकाम्या हाताने परतावे.

पाने, फळे, लाकूड

वनस्पतींमध्ये पहिला मान ग्लॉसोप्टेरिसचा. कामठी, सिल्लेवाडा या भागातल्या वालुकाश्माच्या आणि चिकणदगडाच्या थरांत त्याची जिभेच्या आकाराची पाने मिळाली. कामठीच्या नावानेच एक खडकसमूह ओळखला जातो. पान हाती लागले की तीन गोष्टी पाहाव्यात. मधली शीर ठळक आणि तिच्या दोन्ही अंगांना शिरांचे जाळे असेल तर ग्लॉसोप्टेरिस. जाळे आहे पण मधली शीर ठळक नाही, तर गँगॅमोप्टेरिस. शिरा जाळे न करता जवळपास समांतर धावत असतील, तर बनबरी यांनी हिस्लॉप यांच्या नावाने नोंदवलेले, पुढे नोएगेराथिऑप्सिस हिस्लॉपी म्हणून ओळखले गेलेले पान. ग्लॉसोप्टेरिसला नेचा समजण्याची चूक अजूनही पुस्तकांत दिसते. तो बीजधारी वृक्ष होता आणि त्याच्या जंगलांतूनच गोंडवन खोऱ्यांचा दगडी कोळसा झाला.

या पानाचे मोल फक्त विदर्भापुरते नाही. ते ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि अंटार्क्टिकात सापडते. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरणाच्या दारात असलेल्या स्कॉट यांच्या तुकडीने सुमारे १६ किलो दगड शेवटपर्यंत ओढत नेले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस होते. हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, या विचाराला त्या पानांनी बळ दिले. त्या महाखंडाला एडुआर्ड सूस यांनी गोंडवन हे नाव दिले ते आपल्याच गोंडांच्या भूमीवरून. भंडाऱ्याचा मुलूखही त्याच भूमीचा भाग. कामठीच्या एका पानाच्या ठशात पृथ्वीचा एवढा इतिहास दडलेला असतो.

दुसरा खजिना इंटरट्रॅपियन चर्टमधल्या फळांचा, बियांचा आणि लाकडांचा. छिंदवाडा जिल्ह्यातले मोहगाव कलां हे त्याचे सर्वांत समृद्ध ठिकाण. १९३३ मध्ये के. पी. रोडे यांनी तिथली फळे पुढे आणली आणि साहनी यांनी त्यांतून एनिग्मोकार्पॉन पारिजाई, व्हिराकार्पॉन यांसारख्या वनस्पतींची नोंद केली. रोडे यांच्या सन्मानार्थ एका जलनेच्याला रोडेआइटिस हे नाव मिळाले. इथेच निपा ताडाची फळेही मिळाली. निपा आज खाजणाच्या दलदलीत वाढतो. म्हणून मध्य भारतापर्यंत समुद्राचा फाटा आला होता का, हा प्रश्न उभा राहिला. २००९ मध्ये छिंदवाड्याच्याच झिलमिलीत सागरी सूक्ष्मजीवांचे कवचावशेष मिळाल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्या जुन्या शंकेला नवा आधार मिळाला.

या अभ्यासात भंडारा शहराचे नाव आज जगभरच्या शोधनिबंधांत येते. इथल्या जे. एम. पटेल महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्रज्ञ दशरथ कापगते यांनी अमेरिकेतले स्टीव्हन मँचेस्टर, सेलेना स्मिथ आदी संशोधकांबरोबर दख्खनच्या चर्टमधल्या फळांवर सातत्याने काम केले. २०१३ मध्ये त्यांनी ‘इंडोव्हिटिस चितळेई’ जाहीर केले. द्राक्षाच्या कुळातले हे तोवर माहीत असलेले सर्वांत जुने फळ. नाव दिले नागपूरच्या श्यामला चितळे यांच्या सन्मानार्थ. त्यांनी नागपुरात शिकवले आणि पुढे अमेरिकेतल्या क्लीव्हलँड संग्रहालयात पुरावनस्पतिशास्त्राचा विभाग उभा केला. द्राक्षाची बी मधोमध चिरली की तिच्या पोटाकडच्या बाजूला दोन खोलगट खाचा दिसतात. चर्टमध्ये आडवी कापली गेलेली ही बी याच खाचांवरून ओळखली गेली. आपल्या रानातली कांडवेल याच कुळातली. २०१९ मध्ये केली मात्सुनागा यांच्या सोबतीने याच मंडळींनी हायफेनिओकार्पॉन या फळाचा पुन्हा अभ्यास करून ताडगोळ्याच्या ताडाचा गट डायनासोरांच्या काळापासून आहे, हे दाखवले. व्हिराकार्पॉनची फेरतपासणी त्यांनी सूक्ष्म क्ष-किरण चित्रणाने केली.

एक गोष्ट संग्राहकाने इथे नीट पाहावी. ही फळे बाहेरून सुंदर नसतात. करड्या किंवा पांढुरक्या दगडावर एक तपकिरी डाग, एवढेच दिसते. दगड पाण्याखाली कापून, घासून गुळगुळीत केल्यावर पेशीन्‌पेशी दिसू लागते. कपाटात शोभेसाठी मांडायचे ठरवले असते, तर यातले बहुतेक दगड कुणी उचललेच नसते.

तळे आणि बांधी : भंडाऱ्याची खरी शिदोरी

आता या सगळ्या यादीवर भंडाऱ्याच्या नजरेने पाहू. साहनी आणि राव यांनी १९३० च्या दशकात सौंसर गावाच्या परिसरातल्या इंटरट्रॅपियन चर्टमधून ॲझोलाचे अवशेष नोंदवले. आपला शेतकरी धानाच्या बांधीत खत म्हणून सोडतो तोच ॲझोला. टी. एस. महाबळे यांनी मोहगावच्या चर्टमधून साल्व्हिनिया दाखवला. तोही आज आपल्या पाण्यावर तरंगतो. माल्कमसन यांचे नाव ज्याला मिळाले त्या ‘कारा’ शेवाळाची मळसूत्री, मोहरीहून लहान फळे इंटरट्रॅपियन गाळात मिळतात, आणि कारा आजही स्वच्छ तलावांच्या तळाशी झुपक्यांनी वाढतो. पॅलुडिनाचे नातलग तलावाच्या कडेला दगडांना चिकटलेले असतात, लिम्निया पाणवनस्पतींवर असतात. मृगाच्या पावसाने बांध्या भरल्या, की कोरड्या मातीत पडून राहिलेल्या अंड्यांतून क्लॅम-श्रिंप निघतात. ऑस्ट्राकोड तर कुठल्याही बोडीच्या पाण्यात सापडतील.

कोहळी समाजाने आणि जुन्या मालगुजारांनी बांधलेले भंडाऱ्याचे तलाव हे म्हणूनच जीवाश्म समजून घेण्याचे उत्तम पुस्तक आहे. मेलेले शंख काठावर कुठे जमा होतात, किती फुटतात, लहान-मोठे वेगळे कसे होतात, पाने गाळात कशी आडवी बसतात, फळे कुठे बुडतात, हे इथे डोळ्यांनी पाहता येते. टाकळीच्या दगडात शंख एका पट्टीत दाटलेले दिसले, की हे वाऱ्याने काठाला लोटलेले ढीग असावेत, अशी शंका ज्याला येईल तो तलावाकाठी वाढलेलाच माणूस असेल.

यातला सर्वांत विलक्षण पुरावा भाताचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातले पिसदुरा हे डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेसाठी प्रसिद्ध. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आदींनी त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हते, हा तोपर्यंतचा समज त्याने मोडला. २०११ मध्ये त्याच ठिकाणच्या कणांवरून त्यांनी आणखी पुढचे सांगितले. त्यांत भाताच्या गटातली गवते आहेत. धानाच्या कोठारात राहणाऱ्या माणसाला याहून जवळचा जीवाश्म कोणता असेल? आणि तो सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतही नाही.

नोंदीविना दगड

या सगळ्या उदाहरणांतून एकच गोष्ट पुढे येते. नमुन्याचे मोल त्याच्या आकारात नसते. तो कुठून आला, कोणत्या थरातून आला आणि आज जगणाऱ्या कशाशी त्याचे नाते लागते, यात असते. नोंद नसलेला फायसा सुंदर असेल, पण तो टाकळीचा की छिंदवाड्याचा हे कळत नसेल, तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आणि जागा नाहीशा होत आहेत. हिस्लॉप जिथे फिरले त्या टाकळीवर आज नागपूर शहर उभे आहे. गिट्टीखदान वस्तीने वेढली आहे. रस्त्यासाठी, धरणासाठी, घरांच्या पायासाठी रोज दगड फुटतो. अशा वेळी खोदकामाच्या ढिगाऱ्यातून चार दगड उचलून त्यांवर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, जमिनीपासूनची खोली, थराचा रंग आणि तारीख लिहून ठेवणारा माणूस जे वाचवतो, ते नंतर कुठलीही संस्था परत आणू शकत नाही. क्रमांक दगडावरच लिहावा. कागदाची चिठ्ठी हरवते. दोन जागांचे नमुने एका पिशवीत कधीही घालू नयेत. दगड फोडण्याआधी तो जागेवर असतानाच छायाचित्र घ्यावे.

घरी दगड कापणाऱ्यांसाठी दोन सावधगिऱ्या जिवाच्या आहेत. चर्ट कोरडा कापू किंवा घासू नये. त्याची धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस करते. कापकाम पाण्याखालीच करावे. दुसरे, संशोधक चर्ट कोरायला जे हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात, ते घरात आणूसुद्धा नये. ते काम प्रयोगशाळेचे.

कायदा, जागा आणि जबाबदारी

केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. तोवर जीवाश्मांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नव्हता. मसुद्यात सारे अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे एकवटतील, अशी हरकत अनेक पुराजीवशास्त्रज्ञांनी घेतली. ही चर्चा हौशी संग्राहकांनीही समजून घ्यावी, कारण उद्या त्यांचा हात धरायचा की त्यांना गुन्हेगार ठरवायचे, हे अशाच तरतुदींवर ठरेल. माझे मत स्पष्ट आहे. विक्रीवर कडक बंदी हवी आणि नोंदीसह जमा करणाऱ्याला मानाने बोलावणारी व्यवस्था हवी. जीवाश्मांची खरी लूट होते ती बाजारामुळे. शाळेतल्या मुलाच्या खिशातल्या शंखामुळे नव्हे.

आजचे नियम सरळ आहेत. कोका किंवा नागझिरासारख्या अभयारण्यातून एक दगडही उचलू नये. शेतात जाण्याआधी शेतमालकाला विचारावे. चालू खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमची अश्मीभूत झाडे जीवाश्म उद्यानात आहेत. वैनगंगा आणि वर्धा एकत्र होऊन झालेल्या प्राणहितेच्या त्या खोऱ्यात जावे ते पाहण्यासाठी आणि छायाचित्रे घेण्यासाठी. मोठे खोड, हाड, कवटी किंवा आधी कुठे न पाहिलेले काही दिसले, तर ते जागीच ठेवून नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला, विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला किंवा भंडाऱ्याच्याच वनस्पतिशास्त्रज्ञांना कळवावे.

निवड कशी करावी

तर मग आवडता नमुना कोणता? माझी कसोटी तीन प्रश्नांची आहे. हा नेमका कुठला, ते मी सांगू शकतो का? याचा जिवंत नातलग मी पाहिला आहे का, आणि दोघांत काय सारखे आणि काय वेगळे, ते दाखवू शकतो का? हा उद्या संस्थेत दिला, तर दुसऱ्या कुणाला माझ्याशिवाय त्याचा उपयोग होईल का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर तो दगड कितीही ओबडधोबड असला तरी पहिल्या रांगेत ठेवावा. या कसोटीवर डावा फायसा, मळसूत्री कारा आणि एखाद्या फळाचा तपकिरी डाग असलेला चर्ट हे तिन्ही उतरतात. बाजारातून आणलेला चकचकीत अमोनाइट पहिल्याच प्रश्नाला अडतो.

भंडाऱ्यात हे काम उभे करायला मोठा खर्च लागत नाही. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात एक कुलूपबंद कपाट, एक नोंदवही आणि दरवर्षी हिवाळ्यात एक दिवस, ज्या दिवशी जिल्हाभरचे विद्यार्थी, शिक्षक, गिट्टी फोडणारे मजूर आणि शेतकरी आपापले दगड घेऊन येतील आणि जाणकार ते त्यांच्यासमोर पाहतील. खरा-खोटा निवाडा तिथल्या तिथे होईल, मँगनीजची नक्षी आणणाऱ्यालाही ती काय आहे हे नीट समजावले जाईल आणि नोंदीसह दिलेला प्रत्येक नमुना देणाऱ्याच्या नावाने वहीत चढेल. शेजारी तलावातल्या जिवंत गोगलगायी, ॲझोला आणि कारा काचेच्या भांड्यांत ठेवावेत, म्हणजे प्रत्येकाला आपला दगड त्यांच्याशी ताडून पाहता येईल. हिस्लॉप यांच्या काळात नागपूरचे नमुने ओळखण्यासाठी लंडनला पाठवावे लागत. आज ते ओळखणारी माणसे आणि ओळखायला लागणारे जिवंत नातलग, दोन्ही भंडाऱ्यातच आहेत. उणीव आहे ती दगड उचलताना जागेची नोंद करण्याच्या सवयीची, आणि ती सवय शाळेच्या वयातच लावता येते.